पन्नास नंबरचं ऑइल

माणिकराव मिस्त्रीचे कान गेले होते, आणि ही गोष्ट अख्ख्या चिखलीत दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको जनकाबाई. समोर उभं राहून बोललं तर ओठांकडे बघून त्याचं भागायचं. पाठीमागून हाक मारली की संपलं. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री कामात गुंग आहे. आणखीच मान द्यायचे. घ्या!

मेहकर रस्त्याला त्याचं गॅरेज. नव्या गाड्या शोरूमवाल्यांकडे गेल्या आणि याच्याकडे उरल्या जुन्या जीपा, एखादी फियाट आणि साखरखेर्ड्याच्या उत्तमरावाची पांढरी अँबेसिडर. असल्या गाड्यांचं दुखणं कानानं कळतं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत कुठं काय वाजतंय ते ओळखायचं. माणिकरावाचं सगळं नाव त्यावरच होतं. पण उभा जन्म हातोड्यांत आणि सायलेन्सर काढलेल्या इंजिनांत गेल्यावर कान तरी किती दिवस टिकणार?

"बुलडाण्याले जाऊ, कानाची मशीन घेऊ," जनकाबाई कितीदा म्हणाली.

"मशीन लावून गॅरेजात बसू? कुत्रंबी फिरकनार नाई," तो उसळायचा. "लबाड मिस्त्रीकडे लोक शिव्या देत का होईना, येतात. बहिऱ्याकडे कोन येते?"

आता या माणसाला काय सांगणार! जनकाबाईनं सांगणं सोडून दिलं.

माघ महिन्यात उत्तमराव गाडी घेऊन आला. चेहरा फुललेला. "माणिकभाऊ, आपल्या पोरीचं, अश्विनीचं लग्न ठरलं. सुलतानपूरले देल्ली. घरातल्या साऱ्या पोरी याच गाडीतून सासरी गेल्या, हेबी याच गाडीत जाईन. पन खालून ठकठक येऊन राह्यली. पाह्य बरं जरा."

माणिकरावानं पेचकस लावला. हाताला इंजिनाची थरथर लागली. कानाला काही नाही. उत्तमराव त्याच्या तोंडाकडे बघत उभा.

"येते ना आवाज?"

अरे, म्हणायचं ना, गाडी ठेवून जा, खालून खोलून पाहतो! खोलल्यावर कान लागत नाहीत, झिजलेलं बेअरिंग बोटालाही कळतं. पण ठकठक कशी आहे, गाडी तापल्यावर वाढते की कमी होते, असं उत्तमरावानं पुढं विचारलं तर? माणिकराव घाबरला. साधा घाबरला. आणि तोंडातून निघालं, "काही नाई भाऊ. ऑइल पातळ पडलं. पन्नास नंबरचं टाकू, गप बसते."

या गाडीला त्यानं आजवर वीस-चाळीस नंबरशिवाय दुसरं ऑइल दाखवलं नव्हतं. थंडीतल्या सकाळी झटकन वर चढणारं आणि मे महिन्यात पाणी न होणारं. त्यासाठी ऑइलच्या दुकानात भांडायचा. पन्नास नंबर म्हणजे काकवीसारखं घट्ट. मरायला टेकलेली गाडी कुणाच्या गळ्यात मारायची असली की दलाल लोक ते टाकतात. आवाज दबतो, झीज आत चालूच राहते. अशा दलालांना माणिकराव तोंडावर कसाई म्हणायचा. आणि त्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं ते ओतलं.

ठकठक बंद. उत्तमरावानं बॉनेटला कान लावला आणि खूश होऊन माणिकरावाची पाठ थोपटली. हाही हसला.

"खरंच आवाज आला होता का तुमाले?" नंतर जनकाबाईनं विचारलं.

"तुले काय करायचं?" तो खेकसला.

लग्नाच्या आधी त्यानं एकदा फोन हातात घेतला होता. भाऊ, गाडी नेऊ नका, एवढंच सांगायचं होतं. पण फोनवर पलीकडचं त्याला काहीच कळायचं नाही, आणि जनकाबाईला बोलायला लावायचं तर सगळं उघडं पडणार. त्यानं फोन ठेवून दिला.

पाठवणीची गाडी मेहकर ओलांडून थोडी पुढं गेली आणि इंजिनातला रॉड तुटून इंजिनाचं कवच फोडत बाहेर आला. कुणाला लागलं नाही. पण नवरी शालूत, मुंडावळ्यांसकट, भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी. शेवटी वाजंत्र्यांच्या टेम्पोत ताशांच्या शेजारी बसून ती सासरी पोचली. उंबरठ्यावर सासूनं सगळ्यांदेखत तोंड सोडलं, "बापाची गाडी वाटेत मेली. कसल्या पायाची पोरगी आनली!" तेव्हापासून त्या घरात दूध नासलं तरी अश्विनीच्या पायाचा उद्धार होतो.

उत्तमराव एसटीनं गॅरेजात आला. समोर उभा राहिला. "मेहकरच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं. बेअरिंग कवाचंच गेलं होतं म्हने. तुले आवाज आला नाई?"

शब्द न् शब्द ओठांवर दिसला. नाही आला भाऊ, मला ऐकूच येत नाही, एवढं म्हणायचं होतं.

"आला होता," माणिकराव म्हणाला.

"आला होता?"

"हाव. तुमाले लग्नाची घाई. म्हटलं, तेवढा दिवस निघून जाईन."

उत्तमरावाचा चेहरा पडला. तो वळून फाटकाकडे चालू लागला. त्याच्याकडे बघवेना म्हणून माणिकरावही टेबलाकडे फिरला आणि चिंधीनं नट खोलायचे पाने पुसू लागला.

फाटकाशी उत्तमराव थांबला. डोळे भरले होते, म्हणून मागं वळला नाही.

"माणिकभाऊ, पोरगी रोज टोमने खाऊन राह्यली. तू एकडाव सुलतानपूरले चाल. तिच्या सासूले सांग, का गाडी माह्या चुकीनं मेली, पोरीचा काही दोष नाई. मी सारं विसरून जाईन. येशीन का?"

माणिकराव पाठमोरा पाने पुसत होता.

"येशीन का रे?"

एक पाना ठेवून त्यानं दुसरा उचलला. उत्तमराव खाली थुंकला आणि रस्ता ओलांडून गेला.

मागच्या घरातून जनकाबाई चहा घेऊन आली. रिकामं फाटक पाहून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊ गेले? जाताना काही म्हनले का?"

"नाई," माणिकराव म्हणाला. "काय म्हननार?"