सासऱ्यांच्या नावाचं पिठलं

आज कुणाच्या तरी खिडकीतून पिठल्याच्या फोडणीचा वास आला आणि सानपाड्यातली ती जुनी सकाळ आठवून मी एकटीच हसले.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा खर्जात गाणारा थोरला भाऊ. पियानो-व्हायोलिनसोबत वाजवायच्या एका जुन्या युरोपियन रचनेतला संथ भाग मी त्या सकाळी चेलोवर घोटत होते. त्यात चेलो अगदी माणसासारखा गातो. सासरे म्हणायचे, "गातो कसला, विव्हळतो!"

बेल वाजली. सासऱ्यांनीच दार उघडलं. समोर शेजारच्या, मूळच्या साताऱ्याच्या शिंदेकाकू. डोळ्यांना पदर, हातात पिठलं-भाकरी. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही ना, म्हणून आणलेली. सासऱ्यांना बघून त्या दचकल्याच.

"अगंबाई, तुमी हायसा व्हय? मग तुमचा पोरगा सकाळपासनं कुणासाठी रडतोय?"

मी चेलो दाखवला. "परत रडीव बघू त्याला," म्हणत त्या खाली बसल्या आणि मनसोक्त रडल्या. सासरे तोवर स्वतःच्या सुतकाचं पिठलं चाटूनपुसून खात होते. म्हणाले, "सूनबाई, रोज वाजवत जा."

पुढे काही वर्षांनी सासरे खरंच गेले. काकू पिठलं घेऊन आल्या, दारातच थबकल्या.

"घर एवढं गप का गं?" त्या म्हणाल्या. "आज तर वाजीव."