चाचा नव्हे!

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तरीही हे लिहितोय...

साल १९९८. आम्ही दुबईत अल मनखूलला राहायचो, ऑफिसही जवळच. बॉस ब्रिटिश. रिसेप्शनच्या भिंतीवर त्याने एक ऑइल पेंटिंग लावलं होतं — अठराव्या शतकातलं, लंडनच्या लिलावातून आणलेलं. त्यात एक मिशीवाला माणूस, डोक्यावर पगडी, कमरेला तलवार, मागे समुद्रात गलबत, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप ताठ उभं राहावं. खाली पितळी पट्टी — ‘पायरेट, मलबार कोस्ट’.

मी विजयदुर्गच्या खाडीकाठचा. तसली पगडी नि तसलं गलबत ओळखायला मला पुस्तक लागत नाही. लगेच म्हणालो, “सर, हा पायरेट नाही. मराठा नेव्हीचा ऑफिसर आहे.”

“युवर ऑफिसर, अवर पायरेट, माय फ्रेंड!” बॉस हसला. नोकरी नि व्हिसा दोन्ही त्याच्या हातात. गप्प बसलो, पण ती पट्टी रोज डोळ्यांत सलायची.

एका गुरुवारी ऑफिसात फॅमिली लंच होतं. बायको स्मिता आणि चार वर्षांची ईशा आल्या होत्या. ईशाला मराठी समजतं, पण बोलणार इंग्रजीत. आमच्या बिल्डिंगच्या पठाण वॉचमनला ती हिंदीत ‘चाचा’ म्हणायची, आणि मग मिशीवाला कोणीही दिसला की तोही चाचा. चित्रासमोर उभी राहून ती ओरडली, “हॅलो चाचा!”

सगळे हसले. तेवढ्यात ती दचकली आणि माझ्याकडे धावत आली.

“बाबा, ही इज अँग्री! ही सेड...” आणि मग खणखणीत आवाजात, “चाचा नव्हे. आरमाराचा सरदार!”

अंगावर सर्रकन काटा आला. आमच्या घरात ‘नव्हे’ कोण म्हणतं? आणि आरमार?

“चाचा मीन्स अंकल, सर,” रिसेप्शनवरची मल्याळी लीना बॉसला म्हणाली. “व्हाय अँग्री?”

“इन हिंदी, अंकल,” मी म्हणालो. “इन मराठी, चाचा मीन्स पायरेट.”

बॉस लालेलाल झाला. “यू टॉट हर धिस!”

व्हिसा गेला, हे स्मिताच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण या वेळी मी मान खाली घातली नाही. “आस्क हर, सर.”

बॉस गुडघ्यावर बसला. “हू टोल्ड यू, स्वीटहार्ट?”

ईशाने चित्राकडे बोट केलं. “ही डिड. ही टेल्स यू एव्हरी डे. यू डोन्ट लिसन.”

बॉसच्या तोंडचं पाणी पळालं. तो उठून केबिनमध्ये गेला.

शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी ऑफिस उघडलं तेव्हा जुनी पट्टी गायब होती. नवीन पट्टी — ‘ऑफिसर ऑफ द मराठा नेव्ही’. का बदलली, ते बॉसने कधीच सांगितलं नाही. माझी छाती मात्र अशी फुगली म्हणता! सगळ्यांदेखत चित्राला मुजरा केला. कोणी हसलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. ईशाला यातलं काहीच आठवत नाही, आणि मलाही आजवर याचा उलगडा झालेला नाही. पण त्या दिवसापासून तिने कोणालाही चाचा म्हटलेलं नाही. बिल्डिंगच्या वॉचमनला ती ‘सरदार’ म्हणते... आणि तोही, हाक आली की, खुर्चीतून उठून ताठ उभा राहतो.