यंदा खड्डा भेटनार नाई

"बाई, बाजूला हो. तुझी सावली पडून राहिली फोटोत."

नगर परिषदेचे अध्यक्षसाहेब बोलले. खड्डा माह्या हातचा. मुरमात सब्बल मारू मारू तळव्याले फोड आले होते. कडुनिंबाचं रोप त्यांच्या हातात द्याले गेली तं त्यांनी हात मागं घेतला. "खाली ठेव." मी ठेवलं. त्यांनी त्याच्यावर बाटलीतलं पानी शिंपडलं, मंग उचललं. लोकं हसले. मीही हसली, लाचारासारखी. त्या हसन्याचा राग मले आजही येते.

सौंसरच्या बाजूचं आमचं गाव. मी नगर परिषदेत झाडूवाली. आमच्या मोहल्ल्याले लागून सरकारी पडीत जागा आहे. बकऱ्या तिथंच, लेकरं तिथंच. दरसाल पावसाळ्यात तिथं झाडं लावाचा कार्यक्रम होये. फोटो झाला का गाड्या गेल्या. रोपं वाळून जाये. पुढच्या साली तेच खड्डे मीच उकरून द्याचे.

त्या वर्षी माहं डोकंच सटकलं. कामावर जाच्या आधी त्या कडुनिंबाले रोज बालटीभर पानी घालत गेली. उन्हाळ्यात दारोगानं पाहिलं. दारोगा म्हंजे आमच्यावरचा सफाईचा साहेब.

"कोनं सांगतलं तुले पानी घालाले? झाडं जगली तं जमीन रिकामी कशी दाखवाची? साऱ्या गावाचा कचरा इथंच येनार आहे."

अरे बापा! मुद्दाम मारून राहिले होते हे लोक रोपं. आन् माह्याच लेकरांच्या दारात कचरा यावा म्हून खड्डे मी खोदून देत होती.

मोहल्ल्यातल्या बायाईले सांगतलं. सगळ्या पेटल्या. एकवीस खड्ड्यांत एकवीस झाडं लावली. भांड्या-धुन्याचं पानी त्याईले.

यंदा अध्यक्षसाहेब फोटोवाला घेऊन आले.

"खड्डा कुठं आहे?"

"भरला."

"उपट ते झाड."

"मी नाई उपटत. तुम्ही उपटा. लावा हात, माह्या हातचं आहे."

नाई लावला हात. मले मात्र कामावरून काढलं.

काढा. आता पानी घालाले दिवसभर मोकळी आहे मी. आन् ऐकून ठेवा साहेब, कचऱ्याची पहिली गाडी इकडं वळली का आम्ही बाया तोच कचरा टोपल्यानं भरून तुमच्या फाटकात आनून टाकू. अठरा वर्षं तुमच्या घरचा कचरा उचलला म्या. रस्ता मले पाठ आहे.