साकोलीहून सुटणारी शेवटची बस

नागपूर मागे पडलं, खिडकीबाहेर भाताची शेतं लागली, आणि माझी झोप उडाली. पुण्याहून मी रंजनाला भेटायला निघाले होते. नागपूरच्या आयटीआयमध्ये आम्ही दोघी एकाच बाकावर बसून इलेक्ट्रिशियनचं काम शिकलो. पुढे मला पुण्यात नोकरी लागली आणि तिचं साकोलीजवळच्या एका गावात लग्न झालं. मग सगळी मैत्री फोनवरच. या वेळी तिनेच बोलावलं होतं. साकोलीत राइसमिलसाठी विजेचे पॅनेल बनवणारा एक कारखाना निघाला होता. वायरिंगला माणसं हवी होती, आणि तिला एकटीने विचारायला जायचा धीर होत नव्हता.

भंडाऱ्याला बस बदलली. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा गढूळ, भरलेली दिसली. साकोलीपासून पुढचा रस्ता जंगलातून जातो. तिच्या गावच्या फाट्यावर रंजना उभी होती. कानाशी केस पांढरे झाले होते, हसणं मात्र तेच.

"केवढी बारीक झाली तू," ती म्हणाली. "पुण्यात भात नाई भेटत का?"

गावात रोवणा (भाताची लावणी) चालू होता. बांध्यांमध्ये (भाताच्या खाचरांमध्ये) वाकलेल्या सगळ्या बायाच होत्या.

"माणसं कुठं आहेत?" मी विचारलं.

"जवान पोरं हैदराबादले, बांधकामावर. माझा माणूसही तिकडंच. बायांले रोवण्यात काम भेटते, मग एकदम कापणीत. मधात बसून राहा."

धुऱ्यावरून (बांधावरून) जाताना माझी चप्पल चिखलात रुतली. ती उपसून देताना रंजना इतकी हसली की बायाही वळून बघायला लागल्या.

घरी सासऱ्यांनी "जय भीम" म्हणून पाणी दिलं. आतल्या खोलीत सासू अंथरुणाला खिळलेली. रात्री वांग्यात झिंगे (सुकवलेली बारीक कोळंबी) आणि गरम भात जेवलो. रंजना निजेपर्यंत स्टार्टरच्या जोडण्या मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

सकाळी कारखान्यात गेलो. मालक सरळ माणूस होता. त्याने एक अर्धवट पॅनेल तिच्यापुढे ठेवलं. पहिली वायर तिने जपून सोलली. मग परीक्षेत दाबायची तसा तिने ओठ दाताखाली धरला आणि आम्हा दोघांना विसरून गेली. शेवटी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"काम साफ हाय," मालक म्हणाला. "सोमवारपासून या."

रंजनाने विचारलं, "सुट्टी कवा होते?"

"सात वाजता."

"आमच्या गावची शेवटची बस त्याच्या आधीच निघते."

"घरी मोटारसायकल हाय का?"

"नाई."

त्याने दाराकडे पाहिलं. आत काम करणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली दारात उभ्या होत्या. दोन मुली होत्या, त्या साकोलीतल्याच, पायी घरी जाणाऱ्या. मी मध्ये पडले, "हिला थोडं लवकर सोडलं तर?"

"येकीले सोडलं तं सगळ्यांलेच सोडा लागते, ताई. मिलवाले मालासाठी थांबत नाई."

"इथं खोली घेतलीस तर?" मी रंजनाला विचारलं.

"रात्री सासूले कोन उचलंल?"

तिने पक्कड आणि पेचकस (स्क्रूड्रायव्हर) जागच्या जागी ठेवले आणि मालकाला नमस्कार केला.

परतीच्या बसमध्ये जंगल लागलं. रंजना आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "मले वाटलं होतं, हात विसरले असतील. नाई विसरले." मग म्हणाली, "विसरले असते तं बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी रोवण्याला जाण्याआधी ती मला फाट्यावर सोडायला आली. बस दिसली तशी म्हणाली, "तिकडं कोनी म्हणलं ना, गावच्या बाया नोकरी काहून करत नाई, तं सांगजो. रंजनाले करायची होती."

पुण्यात आमची शिफ्ट सुटते तेव्हा कंपनीची बस फाटकाशी उभी असते. प्रत्येकीला घराजवळ सोडते. नोकरी मी माझ्या मार्कांवर मिळवली, असं मी आजवर सांगत आले. आयटीआयमध्ये मार्क रंजनाचे जास्त होते. परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उतरले. पुढच्या बाईला सोडायला बस निघून गेली, आणि ती वळणाआड जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत तिथेच उभी राहिले.