नवसागर

अप्पा गेले तेव्हा आईकडे एक दगडी रगडा होता आणि दोन हात. तंजावूरच्या आमच्या गल्लीतल्या घरांना ती दोशाचं पीठ वाटून द्यायची. ताप असो, पाऊस असो, पहाटे रगडा फिरायचाच. तिचे तळवे कायम ओले, पांढरे पडलेले. त्याच हातांनी तिनं मला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

डिग्री आली, नोकरी आली नाही. शेजारीण म्हणे, "मासे कापायला शिकलीस ना, मग मार्केटात बस की!"

तेव्हा गावात नवा पैसा, नवे लॉज येत होते. स्टेशनजवळ एसी लॉज बांधणारे एक अण्णा, आमच्यासारखीच तंजावरी मराठी बोलणारे, सिंगापूर बघून आले होते. हॉलमध्ये समुद्री माशांची काचेची टाकी हवी म्हणाले. काम मला दिलं, पण बजावलं, "मासे मेले तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, गे."

नागपट्टणमहून खारं पाणी आणि समुद्रातले दगड आणले. मासे मात्र लगेच सोडायचे नव्हते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो त्यांनाच मारतो. दगडांवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना सोसतं. हे जिवाणू वाढावेत म्हणून त्यांना आधी अमोनिया खायला घालायचा. मी शिकले होते ती रीत अशी, की पाण्यात एक कोळंबी कुजत ठेवायची.

अण्णा उडालेच. "बाहेर शुद्ध शाकाहारीची पाटी, आणि आत मेलेली कोळंबी?"

"मग मासे कसे चालतात?"

"ते बघायला गे, खायला नव्हे!"

वैतागून घरी आले, तर दारात कल्हईवाला बसलेला. तापलेल्या पितळी पातेल्यात त्यानं चिमूटभर पांढरी पूड टाकली. धूर उठला, नाक झणझणलं. हा वास मी कॉलेजात घेतला होता. नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड!

"आई, नवसागर!" मी ओरडले.

"हो की. लहानपणापासून बघतेस. आज काय नवीन?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून शुद्ध नवसागर मागून आणला. नाव ऐकून अण्णा खूश झाले. "नवा सागर! मुहूर्ताचंच नाव आहे. घाल, घाल."

मी थोडा थोडा घालत गेले आणि बाटलीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकून तपासत राहिले. अमोनियाचा पिवळा रंग फिका झाला, नायट्राइटचा गुलाबी चढला. तेवढ्यात लॉजच्या उद्घाटनाचा दिवस आला.

"पाणी आरशासारखं आहे. आज मासे सोड," अण्णा म्हणाले.

"नाही सोडणार. वाटल्या वाटल्या कुणी दोसा घालतं का, अण्णा?"

"पीठ एका रात्रीत फुगतं. तुझं हे कधी फुगणार?"

"गुलाबी रंग गेला की."

पाहुणे दिव्यांच्या उजेडात नुसते दगड बघत होते. कुणीतरी विचारलंच, "मासे कुठे?" अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. डिग्रीवाली आहे."

"पीठ फुगतंय," मी मोठ्यानं म्हटलं. सगळे हसले. मी खाली बघितलं नाही. मला माझं काम येत होतं.

पुढे एकदा संध्याकाळी नवसागर घातला आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत ना पिवळा दिसला, ना गुलाबी. मग मासे सोडले, आधी दोन, नंतर बाकीचे. अण्णा काचेला नाक लावून उभे होते.

एकही मासा मेला नाही. त्या टाकीवरून मला पापनाशमपासून कुंभकोणमपर्यंत कामं मिळाली. आईनं परक्यांचं पीठ वाटणं बंद केलं.