कांदिवलीचे पाहुणे आणि डम्पिंगचा वास

नातीला पाहायला कांदिवलीची मंडळी येणार होती. आम्ही कांजूरमार्गला राहतो. वारा फिरला की जवळच्या डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास घरात येतो. त्या दिवशी तो फिरला होता. मी सगळ्या खिडक्या बंद केल्या, उदबत्त्या पेटवल्या. नात एवढेच म्हणाली, "आजोबा, हे बरं दिसत नाही." ती धुराड्यांची तपासणी करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिला वडील नाहीत. स्थळ हातचे जाऊ नये, ही काळजी माझी.

पोह्यांच्या वेळी मुलाच्या आत्यांनी पदर नाकाशी नेला. "हा वास रोजचाच का हो?"

"आता फार दिवस नाही राहायचा," मी म्हणालो. "सरकारचं हवामान धोरण आहे. कचरा जाळून वीज करणार, धुरातला कार्बन पकडून साठवणार. मग कसला वास?"

"पकडणार?" आत्या म्हणाल्या. "आमच्या सोसायटीला अजून उंदीर पकडता येत नाहीत!"

सगळे हसले. मीही हसलो.

नात हसली नाही. "आजोबांनी पेपरात वाचलंय. कार्बनला वास नसतो. हा वास कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याचा आहे. कार्बन पकडणं अजून कागदावरच आहे, आणि उद्या झालं तरी जुना ढीग तिथेच राहील." तिने उठून खिडकी उघडली. "लग्नानंतरही मी दर रविवारी इथे येणार. चालत असेल तर बघा."

मुलगा तिच्याकडे पाहतच राहिला. मी बशीकडे पाहत होतो. पेपरात मी काहीच वाचले नव्हते. वास आणि कार्बन यांतला फरक तिनेच मला पूर्वी समजावला होता. पाहुण्यांसमोर तिने माझे खोटे बोलणे अज्ञान म्हणून खपवले.

पुढच्या आठवड्यात मुलाच्या वडिलांचा फोन आला. पसंती होती. फक्त साखरपुडा कांदिवलीला व्हावा. "आमची मोठी माणसं येणार, तुमच्याकडे जरा अवघड होईल." आमच्यात साखरपुडा मुलीच्या घरी होतो. मी तत्काळ होकार दिला.

संध्याकाळी नातीला सांगितले.

"मला विचारलंत?"

"स्थळ चांगलं आहे."

"मुलगा मलाही आवडलाय. पण साखरपुडा इथेच. तुम्ही कळवता की मी कळवू?"

"मी कळवतो."

तिच्यादेखत बोलणे जमेना. फोन घेऊन जिन्यात गेलो, मुलाच्या वडिलांना लावला. पलीकडून "बोला" असे ऐकू आले, आणि "आमच्या घरी" हे दोन शब्द उच्चारायला मला वेळ लागला.