भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस

भाऊ गेला त्याला दीड महिना झाला. त्याचं कपाट आवरताना वहिनीने एक जुनं पंचांग माझ्या हातात दिलं. "हे तुम्हा दोघांचं असणार," म्हणाली.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. भाऊ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा, मी कॉलेजात गणित शिकत होते. तिथल्या एका कॉम्प्युटरवर त्याने मित्राकडून आणलेला अवकाशयानाचा खेळ चालायचा. निघायची तारीख टाकून बटण दाबलं की एक पांढरा ठिपका पृथ्वी सोडून सूर्याभोवती लांबलचक वळसा घेत मंगळाकडे निघे. एकदा निघालं की वाट बदलता येत नसे. तेवढं इंधनच नसायचं. रविवारी सकाळी क्लास रिकामा असे, तेव्हा आम्ही बसायचो. कितीतरी रविवार गेले, मंगळ काही हाती लागला नव्हता. आणि आता भाऊला सुरतेला नोकरी लागली होती. खेळाची फ्लॉपी मित्राला परत द्यायची होती. एकच रविवार उरला होता.

आम्ही तारखा अंदाजाने टाकत नव्हतो. ग्रह कधी कुठे असतात हे आमच्या घरात एकाच पुस्तकात लिहिलेलं होतं. नानांचं, म्हणजे वडिलांचं पंचांग मी पिशवीतून नेलं होतं. सूर्य आणि मंगळ बरोबर समोरासमोर येतात तो माघातला दिवस मी शोधून काढला. त्या दिवशी पृथ्वी दोघांच्या मधे, मंगळ तिच्या अगदी जवळ. जवळ असेल तेव्हाच निघायचं, यात विचार तो काय करायचा! यान आठ-नऊ महिने चाललं, मंगळाच्या वाटेवर पोचलं, आणि तिथे मंगळच नव्हता. तो बराच मागून सावकाश येत होता.

"मुहूर्त चुकला, भटजीबाई," भाऊ म्हणाला.

शेवटच्या शनिवारी जेवताना नानांनी पंचांग कुठे गेलं म्हणून विचारलं. सांगावंच लागलं. नाना साक्रीकडच्या खेड्यातले, घरात अहिराणीच बोलायचे.

"मंगयवर जाई ऱ्हायनात का?" ते हसत सुटले. मग भाकरी मोडत म्हणाले, "गाडी दिसनी म्हणीसन पळशी ते चुकशीच. पहिले फाट्यावर जाई बठनं पडस."

माझा घास हातातच राहिला. मंगळ जवळ दिसला म्हणून आम्ही पळत सुटलो होतो, आधी फाट्यावर जाऊन बसलोच नव्हतो! यान पोचेल तेव्हा मंगळ जिथे असेल, तिथे यानाने असायला हवं. म्हणजे निघताना तो आपल्या पुढे हवा. हात धुऊन मी वही उघडली. यानाला लागतात दोनशे एकोणसाठ दिवस. तेवढ्यात मंगळ चालतो एकशे छत्तीस अंश, यान एकशे ऐंशी. तर निघताना मंगळ चव्वेचाळीस अंश पुढे हवा. पृथ्वी रोज त्यातलं अर्ध्या अंशाहून जरा कमी अंतर तोडते. भागाकार केला: शहाण्णव दिवस. माघातल्या त्या दिवसाच्या शहाण्णव दिवस आधी!

पंचांगाची पानं उलटी मोजत गेले. भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस आला.

"बरंच झालं," भाऊ म्हणाला, "ओवाळून घेऊनच निघू."

रविवारी त्याने तारीख टाकली. मी खुर्चीवर बसूच शकले नाही. ठिपका सरकत होता. या खेपेला मंगळ पुढे होता आणि यान त्याच्याकडे वळत चाललं होतं. दोनशे दिवस. दोनशे चाळीस. भाऊने माझं मनगट घट्ट धरलं. मंगळाचं टिंब वाढत वाढत वाटोळं झालं, बशीएवढं झालं. आम्ही दोघं असे ओरडलो की रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावला.

मग यान मंगळाच्या कडेने सरळ पुढे निघून गेलं. थांबायलाही इंधन लागतं, हे मी धरलंच नव्हतं.

माझा चेहरा पाहून भाऊ म्हणाला, "अगं, पोचलो ना! मुक्काम कोणाला करायचा होता?"

गुरुवारी तो सुरतेला गेला. तो खेळ आम्ही पुन्हा खेळलो नाही.

नानांच्या त्या पंचांगात भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवशी माझी पेन्सिलची खूण अजून आहे. मागच्या पानावर मात्र त्याच्या अक्षरात एक ओळ आहे, मी ती पहिल्यांदाच वाचली: "पुढची वेळ सव्वीस महिन्यांनी. थांबण्यापुरतं इंधन राखणे."

काल मी यंदाचं पंचांग आणलं. सूर्य आणि मंगळ या वर्षी समोरासमोर येत नाहीत. दुकानदाराला पुढच्या वर्षीचं ठेवायला सांगून आले आहे.